तीनशे तेरावी चूक

१

सोमवारी सकाळी धम्मदिना रोकडेने नवी चूक लिहून मशीनला दिली आणि मशीनने तिच्यावर नंबर टाकला : तीनशे चौदा.

तिचा हात थांबला. शुक्रवारी घरी जाताना तिने वहीत शेवटचा नंबर लिहिला होता तो तीनशे बारा. शनिवार-रविवार ऑफिसला कुलूप. मग तीनशे तेरावी चूक कुणी लिहिली? आणि लिहिली, तर ती गेली कुठे? यादीत तीनशे बाराच्या खाली थेट तीनशे चौदा होता.

चुका लिहिणं हाच धम्मदिनाचा पोटापाण्याचा धंदा. निजामपुऱ्यात एका शेडच्या माडीवर तिच्या कंपनीचं ऑफिस होतं. खाली कापडाचे लूम खडखडत आणि वर ही अकरा माणसं ‘लगाम’ नावाची छोटीशी संगणकभाषा घडवत. गोदामातल्या मालाच्या लिफ्टने आणि वजनकाट्याने काय करायचं, ते या भाषेत मराठीतून लिहून सांगता येई. लिहिलेलं चालू होण्याआधी ‘तपासनीस’ नावाचा प्रोग्रॅम ते वाचून बघे. वजनाच्या जागी वजनच आहे ना, मजल्याच्या जागी मजलाच आहे ना, किलोच्या गळ्यात कुणी टन तर बांधले नाहीत ना. गफलत दिसली की तो लाल अक्षरांत ओळीचा नंबर सांगे, चुकलेल्या शब्दाखाली बाण काढी आणि काय चुकलं तेही लिही. सगळं जुळलं तर हिरव्या रंगात एकच शब्द, ‘ठीक’.

हा तपासनीस वेळेवर आणि बरोबर जागी ओरडतो का, हे बघणं धम्मदिनाकडे होतं. त्यासाठी ती मुद्दाम चुकीचे प्रोग्रॅम लिही. बारा चुका चुकल्या तर माणूस शहाणा होतो म्हणतात. तिच्या यादीत तीनशेच्या वर होत्या आणि एकेक तिला तोंडपाठ होती.

“धम्मा, जरा येतेस?” काचेच्या केबिनमधून भाविक म्हात्रेने हाक मारली.

भाविक कंपनीचा मालक. शाळेत तिच्या दोन वर्षं पुढे होता. कॉलेज संपल्यावर मुंबईच्या कंपन्यांनी तिला दारातून परत पाठवलं, तेव्हा यानेच काम दिलं होतं. त्याने एक कागद पुढे सरकवला.

“इथे सही कर. हा अहवाल आपल्या तपासनीसाचाच आहे, एवढंच लिहायचंय. बुधवारी अकरा वाजता शेलारला चौकशी आहे.”

कागद कशाचा, हे सांगायची गरज नव्हती. गेल्या मंगळवारी शेलार गावातल्या गोदामात मालाची लिफ्ट चौदाशे किलो सूत घेऊन वर निघाली. तिची ताकद आठशेची. पहिल्या मजल्याच्या थोडं वर ब्रेक सुटला आणि लिफ्ट खाली आली. खाली गाडा ओढणाऱ्या वाल्मीक साळवेचा डावा पाय तिच्याखाली सापडला. लिफ्टचा प्रोग्रॅम लिहिला होता गोदामातल्या विकीने. नवा वजनकाटा टनात आकडे देत होता आणि मर्यादा किलोत होती. एक पूर्णांक चार हे आठशेपेक्षा कमीच, म्हणून लिफ्टने खुशाल माल उचलला. कारखाने निरीक्षक रीमा तरे दुसऱ्या दिवशी, बुधवारी आल्या, त्यांनी तोच प्रोग्रॅम तिथल्याच मशीनवर चालवला. तपासनीस लगेच लाल झाला. त्याचा कागद काढून घेऊन त्यांनी मशीनला सील ठोकलं.

“आणि हा कागद मंगळवारचा,” भाविक म्हणाला. “अपघाताच्या आधीचा. अनंताने त्याच दिवशी गोदामाच्या मशीनवरून पेनड्राइव्हवर घेतला होता. म्हणजे तपासनीस ओरडला होता आणि विकीने तसंच पुढे रेटलं. बस, विषय संपला.”

धम्मदिनाने कागद वाचला. ओळ अकरा. बाण. ‘इथे किलो हवे होते, टन मिळाले.’ शब्द बरोबर होते. तरी पोळीत खडा लागावा तसं काहीतरी लागलं.

“सही बुधवारी करते,” ती म्हणाली.

“का? काय झालं?”

“बघू द्या ना नीट. कामच आहे माझं.”

२

जिन्यात विकी बसला होता. आठवडाभरात गाल बसले होते त्याचे.

विकी आणि धम्मदिना एकाच वस्तीतले. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत दोघांची घरं. आई गेल्यावर विकीला त्याच्या मामानेच वाढवलं होतं. तो मामा म्हणजे वाल्मीक.

“ताई, मामी मला वॉर्डात पाय ठेवू देत नाही,” तो म्हणाला. “सगळ्यांदेखत म्हणाली, ज्यानं भाकर दिली त्याचाच पाय घेतलास. मी रोज बाहेरच्या बाकावर बसून परत येतो.”

“मला एक सांग. प्रोग्रॅममध्ये टनाची गडबड तूच केलीस?”

“हो.” त्याने मान खाली घातली. “काटा नवा आला, मी बघितलंच नाही टन का किलो. पण ताई, कसम से, तपासनीस बोलला नाही. ‘ठीक’ आलं. हिरवं. मी डोळ्यांनी बघितलं.”

“रीमा मॅडमनी चालवलं तेव्हा लाल आलं.”

“मला काय माहीत! माझ्यासमोर हिरवंच होतं.”

खोटं बोलणाऱ्याची गोष्ट सहसा गुळगुळीत असते. विकीच्या गोष्टीला ना शेंडा ना बुडखा. धम्मदिना एक पायरी खाली बसली.

“त्याच्याआधी तपासनीस शेवटचा कधी ओरडला होता तुझ्यावर?”

विकी आठवू लागला. “मागच्या पंधरा दिवसांत तर नाही.”

“एकदाही नाही?”

“नाही.”

“विकी, पंधरा दिवस तू एकही चूक केली नाहीस?”

एवढ्या दुःखातही विकीला हसू आलं. “मी? ताई, मला तर रोज चार-चार वेळा लाल यायचं. अनंताभाऊ वैतागले होते माझ्या फोनला.” बोलता बोलता त्याचं हसू विरलं. “अरे हां. मग पंधरा दिवस आलं कसं नाही?”

माणूस एका रात्रीत सुधारत नाही. तपासनीसाचं तोंड मात्र कुणीतरी बांधू शकतं.

३

दुपारी डबा बाजूला सारून तिने कागद पुन्हा समोर घेतला. विकीची ती ओळ अशी होती : ‘मालाच्या लिफ्टची मर्यादा काट्याच्या वजनापेक्षा जास्त असेल, तर वर ने.’ बाण ‘काट्याच्या’ या शब्दाखाली होता. अगदी पहिल्या अक्षराखाली, सुतात धरल्यासारखा.

बाण बरोबर जागी होता. तेच चुकीचं होतं.

गेले तीन महिने धम्मदिना या बाणासाठी भांडत होती. तपासनीस प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी वेगळं अक्षर म्हणून मोजायचा. त्यामुळे मराठी ओळीत बाण घरंगळत उजवीकडे जायचा. या ओळीत तर तो थेट ‘असेल’खाली जाऊन उभा राहायचा. आता ‘असेल’मध्ये काय चुकणार? गोदामातली माणसं डोकं खाजवत बसायची. शेवटी मृणालीने, म्हणजे जिने तपासनीस लिहिला होता तिने, बाण सुधारला. कधी? गेल्या शुक्रवारी संध्याकाळी. अपघातानंतर तीन दिवसांनी.

मग मंगळवारच्या कागदावर शुक्रवारचा बाण कसा?

तिने कागद उचलला आणि मृणालीच्या टेबलाशी गेली. पेनड्राइव्ह अनंताने आणला, मृणालीच्या खणात राहिला आणि भाविकने त्यातून कागद छापला. तिघांचे हात त्याला लागले होते, म्हणून तिघांशीही सावध राहायचं तिने ठरवलं.

“जरा बघ गं हे,” एवढंच ती म्हणाली.

मृणालीने कानातले हेडफोन काढले, कागदावर नजर टाकली आणि तिचा चेहरा उतरला.

“हा माझा नवा बाण आहे,” ती म्हणाली. “पण तारीख तर मंगळवारची आहे.”

“मशीनचं घड्याळ मागे फिरवलं की तारीख कोणतीही येते.”

“आणि ओळ अकरा का? मी विकीचा प्रोग्रॅम बघितलाय. ती ओळ नववी आहे.” मृणालीने मान वर केली. “धम्मा, दोन ओळी जास्त म्हणजे...”

“बोल.”

“तुझ्या मशीनवर जे येतं त्याच्या डोक्यावर दोन ओळी आपोआप चढतात. चुकीचं नाव आणि अपेक्षित निकाल. आपणच तर बसवलंय ते मागच्या वर्षी. हा कागद तुझ्या मशीनवर झालाय!”

धम्मदिनाला सकाळचा नंबर आठवला. रविवारी खालच्या शेडलाच कुलूप असतं, म्हणजे शनिवारी कुणीतरी विकीचा प्रोग्रॅम तिच्या मशीनमध्ये घातला, अहवाल काढून घेतला आणि प्रोग्रॅम पुसला. नंबर मात्र उडालेला उडाला. हरवलेली तीनशे तेरावी चूक तिच्या हातात होती. कागदावर, ओळ अकरा.

“तू कुणाला सांगशील का हे?” मृणालीने घाबरून विचारलं. “लोक म्हणतील मीच केलं. बाण माझा, खण माझा.”

“तू केलं असतंस तर मला दोन चुका अशा एका दमात दाखवल्या नसत्यास,” धम्मदिना म्हणाली. “शुक्रवारी रात्रीपर्यंत नवा बाण कुठे कुठे होता?”

“दोनच मशीनवर. तुझ्या आणि माझ्या. माझ्याला पासवर्ड आहे.”

धम्मदिनाच्या मशीनला नव्हता. चुकांना कशाला कुलूप, असं ती नेहमी म्हणायची.

४

अनंता भोईर मंगळवारी सकाळी शेलारच्या नाक्यावर भेटला. गोदामांत लगाम बसवून देणं, बिघडलं तर धावणं, हे त्याचं काम. भाविकचा तो मामेभाऊ. कटिंग चहा हातात घेऊन दोघं एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसले. रस्त्यावरून कंटेनर धडधडत जात होते.

“अनंता, तपासनीसाला शांत करायचं एक बटन असतं ना?”

“असतं की. तुमीच ठेवलंय, टेस्टिंगसाठी.”

“ते दाबलं तर काय होतं?”

“मग तो काय पन तपासत न्हाय. नुसतं ‘ठीक’ म्हनतो.”

“विकीच्या मशीनवर पंधरा दिवस ते दाबलेलं होतं.”

अनंताने चहाचा ग्लास खाली ठेवला.

“मी दाबलंता,” तो म्हणाला. “दिवसाला पंचवीस फोन, ताई. लाल येतं, पन बान भलतीकडंच. लोक शिव्या घालत. विकी तर रडायचा बाकी होता. म्हटलं, बान दुरुस्त होईपर्यंत राहू दे गप. मंगळवारी वाल्मीककाकांना उचलून गाडीत घातला आन् तसाच धावत जाऊन बटन परत वर केला.”

म्हणून बुधवारी रीमा तरेंना लाल दिसलं. विकी खरं बोलत होता.

“कुणाच्या सांगण्यावरून दाबलंस?”

“कोनाच्या न्हाय. मीच.”

हे उत्तर फार पटकन आलं. धम्मदिनाने पुढचा प्रश्न हळू आवाजात विचारला. “आणि मंगळवारचा तो कागद?”

“कंचा कागद?” अनंताने तिच्याकडे पाहिलं. “पेनड्राइव्हवर मी फक्त विकीचा प्रोग्रॅम घेतलाता. तपासनीसाचा कागद येनार कुठून? तो तर शांत व्हता ना!”

“शनिवारी तू कुठे होतास?”

“हितंच. सकाळी नवापासून तीनपर्यंत लिफ्टच्या मेकॅनिकसंगती. विचारा त्याला. आन् ऑफिसची चावी मला कोन देतंय?”

तिने मेकॅनिकला विचारलं. अनंता खरंच दिवसभर तिथे होता. दुपारी दोघांनी मिळून भाकरी-सुकट खाल्ली होती. चाव्या दोनच होत्या. एक मृणालीकडे.

दुसरी ज्याच्याकडे होती, त्याचं नाव मनात येताच धम्मदिनाने रिक्षाला हात केला.

५

भाविकने तिचं बोलणं ऐकून घेतलं. खाली लूमचा आवाज चालू होता.

“बाण आणि दोन ओळी,” तो शेवटी म्हणाला. “एवढ्यावरून तू मला चोर ठरवतेस?”

“मी कुणाचं नाव घेतलं नाही.”

“मग अनंता असेल. बटन त्याने दाबलं, अंगावर येणार म्हणून कागद त्याने केला.”

“बटनाचं मी तुम्हाला सांगितलंच नाही अजून.”

भाविकने टेबलावरचं पेन उचललं, पुन्हा ठेवलं. मग आवाज मऊ केला. “धम्मा, बस ना. सात गोदामांत लगाम चालते. हे बाहेर गेलं तर सातही उद्या काढून टाकतील. अकरा घरं आहेत इथे. तुझंही त्यातलं एक. तुला कुणी उभं करत नव्हतं तेव्हा मी केलं, हे मी कधी बोललो का? आज बोलतो. एका सहीचा प्रश्न आहे.”

ते खरं होतं आणि म्हणूनच जास्त लागलं. धम्मदिनाच्या डोळ्यांसमोर तिचा पहिला दिवस आला. याच केबिनमध्ये भाविकने स्वतः खुर्ची पुसून तिला दिली होती. तिला खूप वाटलं की हा माणूस आत्ता, इथेच, खरं सांगून मोकळा व्हावा.

“दादा, विकीवर गुन्हा दाखल होईल. त्याची मामी आयुष्यभर त्याचं तोंड बघणार नाही.”

“चूक त्यानेच केली होती ना?”

“केली होती. चूक सगळेच करतात, म्हणून तर आपण तपासनीस विकतो. त्याची चूक त्याला सांगायचं काम आपलं होतं.”

भाविक खिडकीकडे बघू लागला.

“उद्या अकरा वाजेपर्यंत वेळ आहे,” ती उठत म्हणाली. “तुम्ही रीमा मॅडमना आधी सांगितलंत, तर मी तोंड उघडणार नाही. नाहीतर मी सही करणार नाही. का करणार नाही, ते सगळ्यांसमोर सांगेन.”

“आणि परवापासून कुठे जाशील?”

“ते परवा बघू.”

६

बुधवारी अकराला गोदामाच्या ऑफिसात खुर्च्या मांडल्या होत्या. रीमा तरे मधोमध बसल्या होत्या. चष्मा कपाळावर, पुढ्यात जाडजूड फाइल. एका बाजूला भाविक आणि मृणाली, दुसरीकडे विकी. अनंता दाराशी उभा राहिला. भाविकने खालमानेने नमस्कार केला आणि काहीच सांगितलं नाही. धम्मदिनाने घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून पाच.

“तुमची सही राहिली आहे ना?” रीमा तरेंनी मंगळवारचा कागद पुढे केला.

“मॅडम, सहीआधी एक विनंती. गेल्या बुधवारी तुम्ही स्वतः जो कागद काढला, तो याच्याशेजारी ठेवता का?”

रीमा तरेंनी फाइल चाळून दुसरा कागद काढला. मशीन तेच, प्रोग्रॅम तोच, फक्त एका दिवसाचं अंतर. त्यांनी चष्मा खाली ओढला.

“इथे ओळ अकरा. माझ्यात ओळ नऊ.” त्यांचं बोट पुढे सरकलं. “आणि हा बाण... माझ्यात ‘असेल’खाली आहे.”

“तुमचा कागद खरा आहे. बाण चुकलेला आहे म्हणून खरा आहे,” धम्मदिना म्हणाली. “आमचा तपासनीस मात्रा मोजायला चुकायचा. ते शुक्रवारी संध्याकाळी दुरुस्त झालं. म्हणजे मंगळवारचा म्हणून दिलेला कागद शुक्रवारनंतर तयार झाला. आता हा बघा.” तिने पिशवीतून तिसरा कागद काढला. “विकीचा प्रोग्रॅम मी काल मृणालीसमोर माझ्या टेस्टिंगच्या मशीनवर चालवला. ओळ अकरा, कारण माझं मशीन वर दोन ओळी चढवतं. बाण बरोबर. अक्षर न् अक्षर तुमच्या हातातल्या कागदासारखं.”

रीमा तरेंनी तिन्ही कागद एका ओळीत मांडले.

“कुणी केलं हे?” त्यांनी विचारलं.

“गोदामाचं मशीन तुमच्या सीलखाली होतं. नवा बाण दोनच मशीनवर होता. शनिवारी ऑफिस बंद, चावी दोघांकडे. मृणालीला करायचं असतं तर तिने स्वतःचं मशीन वापरलं असतं, आणि बाण तिचाच असल्यामुळे पहिल्या नजरेत तिला तो खटकला असता. परवा तसा तो खटकलाही. हे ज्याने केलं, त्याला बाण बदललाय हे ठाऊक नव्हतं, दोन ओळी चढतात हे ठाऊक नव्हतं. त्याने आमचे अहवाल कधी वाचलेच नाहीत. रोज सकाळी तो एवढंच विचारतो, ‘सगळं हिरवं आहे ना?’”

मृणालीने हळूच भाविककडे पाहिलं. विकीनेही.

“हे सगळे तर्क आहेत,” भाविक म्हणाला. “तपासनीस बंद अनंताने केला होता. विचारा त्याला. कागदही त्यानेच कुणाकडून...”

“दादा!” दारातून आवाज आला. अनंता दोन पावलं आत आला होता. “मी तुमचं नाव घेतलं न्हाय. धम्माताईनं विचारलं, तरी न्हाय घेतलं. आन् तुमी माझं घेता?”

त्याने खिशातून फोन काढला, अंगठ्याने शोधलं आणि टेबलावर ठेवला. भाविकचाच आवाज होता, घाईतला, मागे गाड्यांचे हॉर्न : ‘अनंता, फोनांनी जीव खाल्लाय माझा. बाण नीट होईपर्यंत ते शांतचं बटन दाबून टाक. सगळीकडे.’

रीमा तरे लिहून घेऊ लागल्या. विकीने डोळ्यांवर हात घेतला. धम्मदिनाला खरं तर आता सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण त्या आवाजातला शेवटचा शब्द तिच्या कानात अडकून बसला.

“अनंता,” ती म्हणाली, “सगळीकडे म्हणजे?”

“सातही ठिकानी.”

“इथलं तू मंगळवारी परत चालू केलंस. बाकीच्या सहांचं?”

“मी... मी वाल्मीककाकांच्या मागंच...” अनंता अडखळला. “बाकी सहा अजून शांतच हायत, ताई.”

बाहेर दिवसपाळी ऐन रंगात होती. सहा गोदामांत, या क्षणी, सहा लिफ्ट कुणी काय लिहिलंय ते न तपासता माल उचलत होत्या; खाली माणसं गाडे ओढत होती.

पहिला उठला तो भाविक. खुर्ची मागे पडली. त्याने फोन कानाला लावला आणि ओरडला, “लिफ्ट थांबवा! आत्ता! आहे तिथे थांबवा, माणसं खालून काढा! मी म्हात्रे बोलतोय, माल गेला खड्ड्यात!” मृणालीने दुसरा नंबर लावला, रीमा तरेंनी तिसरा. धम्मदिना चौथ्या गोदामाच्या मुकादमाशी हिंदीत बोलत होती; तो ऐकत नव्हता, ट्रक उभा आहे म्हणत होता. तिने त्याला सांगितलं, “भाईसाब, ट्रक खड़ा रहेगा। आदमी का पाँव दोबारा नहीं आता। बंद करो।” त्याने बंद केली.

बारा मिनिटांत सहाही लिफ्ट थांबल्या.

संध्याकाळपर्यंत अनंताने प्रत्येक ठिकाणी जाऊन बटन वर केलं. चार जागी हिरवं आलं. पाचव्या जागी लाल : मजल्याच्या नंबराच्या जागी कुणीतरी खोक्यांची संख्या लिहिली होती. सहाव्या ठिकाणीही तोच नवा काटा बसवला होता आणि तीच टनाची चूक होती. लिफ्टमध्ये अकराशे किलो कापड भरून तयार होतं.

भाविकने आपला जबाब स्वतःच्या हाताने लिहून दिला. त्यात त्याने बटनाचा हुकूम लिहिला, शनिवारची सकाळ लिहिली, घड्याळ मागे केल्याचंही लिहिलं. सही करून झाल्यावर तो धम्मदिनासमोर येऊन थांबला.

“काल सांगायला हवं होतं,” तो म्हणाला.

“हो,” ती म्हणाली. कंपनीचं पुढे काय होणार, हे त्या दिवशी कुणालाच ठाऊक नव्हतं.

७

दवाखान्यात विकीची मामी मीराबाई वाल्मीकच्या उशाशी बसली होती. पायाला बांधलेलं वजन पलंगाच्या कडेला लोंबत होतं. वाल्मीकला झोप लागली होती. धम्मदिनाने हळू आवाजात सगळं सांगितलं. बटन, कागद, सहा लिफ्ट. मीराबाई शेवटपर्यंत नवऱ्याच्या चादरीची घडी सारखी करत राहिली.

“म्हंजे पोरानं काय केलंच न्हाय?”

“केलं, मावशी. नवा काटा टनात बोलतो का किलोत, ते त्याने बघितलं नाही. मी खोटं नाही सांगणार. पण त्याला थांबवायला जो ठेवला होता, त्याचं तोंड दुसऱ्यांनी बांधलं होतं. विकीने हिरवं बघितलं आणि विश्वास ठेवला.”

शेजारच्या पलंगावरच्या म्हातारीने पाणी मागितलं, ते मीराबाईने उठून दिलं. परत आली, पदर खोचला, वाल्मीकच्या कपाळावर हात ठेवून बघितला. मग ती वॉर्डाच्या दाराकडे चालू लागली.

बाहेरच्या बाकावर विकी बसला होता, नेहमीच्याच जागी. तिला बघताच तो उभा राहिला आणि भिंतीला चिकटला. आता काय ऐकावं लागणार, या भीतीने त्याने डोळे मिटून घेतले.

“चप्पल काढ,” मीराबाई म्हणाली. “मामाची कूस बदलायचीय. माझ्या एकटीनं व्हत न्हाय.”